येळवशीची आवक-जावक

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दत्तोपंतांच्या घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर आधी आवक क्रमांक पडतो आणि मगच ती चंद्रप्रभाबाईंच्या हातात जाते. एकदा एका पत्रिकेला क्रमांक पडेपर्यंत लग्न लागून गेलं होतं. पण त्याला दत्तोपंतांचा इलाज नव्हता. पत्रिका आली त्या दिवशी रविवार होता.

एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेल्या कागदाची नोंद आवकला, गेलेल्याची जावकला, आणि मधे दत्तोपंत. त्यांचा अभिमान एकाच वाक्याचा होता: "चौतीस वर्षांत माझं एक पत्र बिनतारखेचं म्हणून परत आलं नाही." हे वाक्य त्यांनी मुलीला ती दुसरीत असताना सांगितलं होतं, सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलं होतं, आणि पित्ताशयाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना तर भूल चढता चढता सांगितलं होतं. ऐकणारे "वा" म्हणत आणि विषय बदलत. तुम्ही तिथं नेमकं करायचात काय, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. बायकोनं नाही आणि मुलीनंही नाही. दत्तोपंत तसं कुणाला बोलून दाखवत नसत, पण हे शल्य त्यांच्या मनात होतंच.

मुलगी नीरजा पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची, आणि गेल्या वर्षापासून तुळजापुरातल्या घरी माडीवर बसून लिहायची. रोज चार वाजता ती चहाला खाली उतरे. डिसेंबरातल्या एका दुपारी ती उतरली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"काय झालं गं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"सांगून कळणार नाही, बाबा."

हे वाक्य दत्तोपंतांना चांगलंच लागलं. "सांगून तर बघ," ते म्हणाले. "मीही कचेरीत होतो. गुरं राखत नव्हतो."

नीरजानं कप खाली ठेवला. "आमचं सॉफ्टवेअर ट्रॅव्हल्सच्या गाड्यांच्या बुकिंगचं आहे. पूर्वी ते एकच मोठं होतं. एक कोपरा बिघडला की सगळं बंद. म्हणून आम्ही त्याचे वीस छोटे तुकडे केले. एक फक्त सीट धरून ठेवतो, एक फक्त तिकिटाचा मेसेज पाठवतो, एक फक्त रद्द करतो. कुणाला कुणाच्या घरातलं काही माहीत नसतं. नुसते एकमेकांना निरोप पाठवायचे. एक आजारी पडला तरी बाकीच्यांनी चालत राहायचं. याला लूज कपलिंग म्हणतात."

"सैल जोडणी," दत्तोपंतांनी प्रमाणित भाषांतर करून टाकलं. "मग अडलंय कुठं?"

"दिवाळीच्या गर्दीत वीसच्या वीस तुकडे एकदम बसले. का बसले, कुणालाच कळेना. जोडणी खरंच सैल आहे का, ते तपासायचं काम माझ्याकडं आलंय. मी एकेक तुकडा बंद करून बघितला. बाकीचे मजेत चालतात! आणि आमचे कृष्णराज सर म्हणतात, घरी बसून एवढं सापडत नसेल तर जानेवारीपासून पुण्यात हजर व्हा. अहवाल येळवशीच्या दुसऱ्या दिवशी द्यायचाय."

दत्तोपंतांचा कप तोंडाशी थांबला. वर्षभरात त्यांना चार वाजताच्या या चहाची सवय जडली होती. जिन्यावर तिची पावलं वाजली की त्यांना उगीचच बरं वाटायचं. येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायची ती मार्गशीर्षातली अमावास्या, नऊ दिवसांवर आली होती.

"अगं, पण हे जे तू सांगितलंस," ते एकदम उठून उभे राहिले, "ही तर आमची कचेरी! हिशेबवाल्याला आस्थापनेत काय चाललंय ते ठाऊक नसायचं. बांधकामाचा कारकून बारा वर्षं माझ्या शेजारी बसला, त्याचं आडनाव मला अजून माहीत नाही. सगळा कारभार कागदावर. याहून सैल जोडणी तुझ्या पुण्यात सापडायची नाही!"

नीरजा हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं नेमकं काय करायचात?"

या प्रश्नाची दत्तोपंत चाळीस वर्षं वाट पाहत होते. उत्तर पावणेदोन तास चाललं. त्या पावणेदोन तासांत नीरजानं दोन पानं टिपून घेतली, चंद्रप्रभाबाईंनी पोळ्या करून घेतल्या, आणि शेवटी असं ठरलं की यंत्रात जे दिसत नाही ते माणसांत बघायचं. गल्लीतली चार घरं म्हणजे चार तुकडे. यंदाच्या येळवशीचं जेवण या चार घरांनी मिळून करायचं, पण सैल जोडणीनं.

जोडणी अशी होती. शेजारच्या सिताबाईंचं शेत नळदुर्ग रस्त्याला, म्हणून शेत आणि आंबील त्यांच्याकडं. ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून करायची भज्जी चंद्रप्रभाबाईंकडं. समोरच्या दैवशालाबाईंकडं बाजरीचे उकडलेले उंडे. कोपऱ्यावरच्या भागवतकडं त्याची पिकअप. नियम एकच: कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, फोन करायचा नाही, कंपाउंडवरून हाका मारायच्या नाहीत. जे काही असेल ते चिठ्ठीवर लिहून दत्तोपंतांच्या ओसरीवरच्या टेबलावर द्यायचं. तिथं नोंद होऊन चिठ्ठी पुढं जाईल.

"मोबाईल हाय की खिशात," भागवत म्हणाला. "एक ग्रुप काढा, लई सोपं."

"मग तपासणी कशी होणार?" दत्तोपंत कडाडले.

"न्हाय, म्हंजे म्या आपलं सुचवलं."

"सूचना चिठ्ठीवर दे."

चिठ्ठ्या पोचवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून गुंडाप्पाला बोलावणं गेलं. गुंडाप्पा कचेरीत दत्तोपंतांचा शिपाई होता आणि त्यांच्याच मागोमाग निवृत्त झाला होता. सातवी शिकलेला, बोलायला मवाळ. जुनी खाकी पिशवी खांद्याला अडकवून तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर झाला.

"तुला फक्त इकडची चिठ्ठी तिकडं न्यायचीय, गुंडाप्पा," दत्तोपंतांनी बजावलं. "डोकं वापरायचं नाही."

"व्हय, भाऊसाहेब," गुंडाप्पा म्हणाला. हे त्याला चौतीस वर्षं पाठ होतं.

कारभार सुरू झाला. पहिल्याच दिवशी चंद्रप्रभाबाईंना सिताबाईंकडून मूठभर ओली तूर हवी होती. मधे कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडं सिताबाई तूरच सोलत बसल्या होत्या. दोघींची नजरानजर झाली. चंद्रप्रभाबाईंनी मुकाट्यानं चिठ्ठी लिहिली. दत्तोपंतांनी ती विषय नमूद नाही म्हणून परत केली. दुसरी चिठ्ठी आली: 'विषय: तूर.' ती स्वीकारून त्यांनी वेगळ्या कागदावर पुढं पाठवली: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संदर्भीय प्रकरणी आपले स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी.' पाच मिनिटांत गुंडाप्पा तूर घेऊन आला.

"बघितलंस?" दत्तोपंत नीरजाला म्हणाले. "सिताबाईंना इकडचं काही माहीत नाही. कागद बोलतो."

नीरजानं वहीत टिपलं. चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "अहो, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तुमच्या कचेरीत मला नोकरी लागली नव्हती ते किती बरं होतं."

मग नीरजानं रोज एकेक घर बंद करायला सुरुवात केली. एके दिवशी दैवशालाबाईंना सांगितलं, आज तुम्ही आजारी. त्या बिचाऱ्या लगेच टीव्हीसमोर जाऊन बसल्या. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या साठल्या, बाकीच्यांचं काही अडलं नाही, आणि बरं वाटल्यावर त्यांनी सगळ्या निकालात काढल्या. दुसऱ्या दिवशी भागवत बंद, तरी काही बिघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दत्तोपंतांनाच बंद केलं. ते आत जाऊन झोपले. उठून येऊन बघतात तर नऊ चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्याकडं पोचलेल्या आणि कुणाचीही तक्रार नाही. पद्धत यशस्वी झाल्याचा त्यांना आनंद झाला, पण तो जरा आंबटच होता. आपण नसलो तर निदान थोडंतरी अडायला हवं होतं असं त्यांना वाटलं.

नीरजाच्या कपाळावरच्या आठ्या मात्र वाढत चालल्या. "माझ्या यंत्रासारखंच झालं, बाबा. कुणालाही बंद करा, चालतंय. मग दिवाळीत सगळं बसलं कशानं?"

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी गुंडाप्पा पिशवी न घेताच आला. "भाऊसाहेब, उद्या येळवस. म्या माकणीला लेकीकडं चाललो. जावयानं रानात कडब्याची कोपी घातलीय. दोन दिसांनी येतो."

"खुशाल जा," दत्तोपंत उदारपणे म्हणाले, आणि नंतर जे वाक्य त्यांना स्वतःलाच आठवू नयेसं वाटलं ते वाक्य बोलले: "आमची पद्धत कुणा एका माणसावर अवलंबून नाही."

"ते बी खरंच," म्हणून गुंडाप्पा बस गाठायला गेला.

दत्तोपंतांनी फाटकाला एक कापडी पिशवी टांगली. ज्यानं त्यानं येऊन आपली चिठ्ठी घेऊन जावी, असा सुधारित आदेश काढला. दुपारभर बसून येळवशीच्या अंतिम चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर असं वळणदार की सिताबाई पुढं कितीतरी दिवस म्हणत होत्या, "कागद फेकवंना, पर काय लिवलंय ते बी कळंना."

येळवशीच्या दिवशी सकाळी आठ वाजता दत्तोपंत इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून ओसरीवर उभे राहिले. साडेआठ झाले. नऊ झाले. पिकअप काही येईना. आधी शेजारच्या सिताबाईंचा दीर दोन्ही हातांनी आंबिलीचं मातीचं बिंदगं सावरत आला, ते ओसरीवर ठेवून "वैनीनं सांगितलंय" म्हणाला आणि मोटरसायकलवर निघून गेला. कारण त्यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: 'विषयांकित वस्तू इकडील कार्यालयात जमा करावी.' सिताबाई स्वतः पहाटेच शेतात गेल्या होत्या. म्हणजे शेतात माणसं होती आणि आंबील तुळजापुरात. मग समोरून दैवशालाबाई भलंमोठं पातेलं घेऊन आल्या. झाकण काढलं तर आत भज्जी. घरात चंद्रप्रभाबाईंनी पहाटे चारपासून केलेली भज्जी होतीच. दोघींच्या चिठ्ठीत एकच शब्द होता: 'वरीलप्रमाणे.' वर मात्र दोन्ही चिठ्ठ्यांत काहीच नव्हतं.

"मग उंडे?" दत्तोपंतांनी चाचरत विचारलं.

"चिठ्ठीत उंडे कुठं व्हते?" दैवशालाबाई म्हणाल्या. "रोज तो गुंडाप्पा सांगायचा, काकू हे करा, काकू ते करा. काल कुणी सांगणारंच न्हाय. म्या म्हनलं, बेत बदलला, येळवस हाय तर भज्जीच आसंल."

नीरजा जिना उतरत होती ती मधल्या पायरीवरच थांबली. "गुंडाप्पाकाका तुम्हाला सांगायचे?"

"मग? पंतांची चिठ्ठी कुणाला कळती, बाई?"

आता नियम बियम गुंडाळून नीरजानं भागवतला फोन लावला. भागवत अणदूरच्या पुढं होता. पिकअपमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी कडबा होता. "अहो, काल नळदुर्गाहून यायला उशीर झाला," तो म्हणाला. "आज सकाळी पिशवीतली चिठ्ठी काढली. 'पिकअप उद्या सकाळी आठ वाजता आणावी.' म्या म्हनलं, उद्या तर उद्या. येळवस झाल्यावर पिकअप कशाला, ते पंतांनाच ठावं!"

दत्तोपंत खुर्चीत बसले. शेतात बारा माणसं उपाशी, ओसरीवर आंबील, दोन पातेली भज्जी, उंडा एकही नाही, आणि अहवाल उद्या. कधी नव्हे ते त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नीरजाच्या पुण्याच्या बॅगा त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. आपण तिला मदत करायला गेलो आणि तिचे नऊ दिवस वाया घालवले, या विचारानं त्यांना मान वर करवेना.

नीरजानं माकणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"भाऊसाहेब, घाबरू नगा," पलीकडून गुंडाप्पाचा शांत आवाज आला. मागं पोराबाळांचा कालवा होता. "दैवशालाकाकूच्या घरी बाजरीचं पीठ दळून ठिवलेलं आसंल, त्या परवाच म्हनत व्हत्या. अर्ध्या घंट्यात उंडे व्हत्यात. भागवताला म्या फोन करतो, वाटंत त्याच्या साडूचं शेत हाय, कडबा तिथंच उतरवंल. आन् एक भज्जीचं पातेलं सिताकाकूच्या शेजारच्या रानात द्या, त्यांच्याकडं औंदा पाव्हणं लई हायत." मग त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, चिठ्ठीवर तारीख टाकली व्हती का?"

दत्तोपंतांनी भागवतच्या चिठ्ठीची नक्कल रजिस्टरातून काढून बघितली. विषय होता. संदर्भ होता. वळणदार सही होती. तारीख नव्हती.

"मी कधी तारीख विसरत नाही," ते पुटपुटले. "चौतीस वर्षांत माझं एक पत्र..."

"म्या टाकत व्हतो की," गुंडाप्पा सहज म्हणाला. "तुमची सही झाली की दारातनं भाईर पडल्यावर टाकायचो. कचेरीत बी आन् परवापातूर गल्लीत बी. तुमाला सांगून कशाला तरास द्यायचा?"

दैवशालाबाईंनी पदर तोंडाला लावला, तो हसू लपवायला होता हे उघड होतं. चंद्रप्रभाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून नवऱ्यापुढं ठेवला.

साडेअकराला पिकअप आली. बाराला सगळे शेतात पोचले. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील वाढली गेली, आणि उपाशी माणसांनी उंड्यांवर असा हात मारला की कुणाला चिठ्ठ्यांची आठवणही राहिली नाही. "पंत, आजून एक उंडा घ्या," सिताबाई म्हणाल्या. "वरीलपरमानं." सगळं शेत हसलं. दत्तोपंतही हसले, आणि त्यांना एकदम फार बरं वाटलं. इतका घोळ घालूनही ही माणसं आपल्याला आग्रह करून वाढतात, हे देवीचंच देणं म्हणायचं.

नीरजाचं मात्र जेवणाकडं लक्ष नव्हतं. ती बांधावर लॅपटॉप घेऊन बसली होती. "बाबा, मी सगळी घरं तपासत होते," ती म्हणाली. "चिठ्ठी नेणारा तपासलाच नाही. निरोप पोचवायचं काम त्याचं, त्याला डोकं नाही, असं धरूनच चालले. माझ्याकडंही एक गुंडाप्पा असणार."

चार वाजता तिनं मोठ्यानं हाक मारली. सापडला होता. वीस तुकड्यांच्या मधे निरोप इकडून तिकडं नेणारा एक जुना, छोटासा प्रोग्राम होता. तो लिहिणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेला होता आणि कुठल्याही नकाशात त्याचा उल्लेख नव्हता. हा प्रोग्राम नुसते निरोप नेत नव्हता. अर्धवट निरोप वाटेत दुरुस्त करत होता, राहिलेली तारीख आपणच टाकत होता. म्हणून वीसही तुकड्यांना वाटत होतं की आपण स्वतंत्र आहोत. दिवाळीच्या गर्दीत तो एकटा दमून बसला आणि त्याच्या मागोमाग सगळे बसले. तिनं चाचणीच्या यंत्रावर त्याला बंद करून बघितलं. वीसही एकदम थांबले.

दुसऱ्या दिवशी अहवाल गेला. त्यात शिफारस होती की प्रत्येक तुकड्यानं आपली चिठ्ठी स्वतः पूर्ण लिहावी, तारखेसकट, आणि नेणाऱ्यावर ओझं टाकू नये. चार दिवसांनी कृष्णराज सरांचा फोन आला. नीरजानं तुळजापुरातूनच काम करावं, हवं तितके दिवस. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "पण अहवालात हे तिसरं प्रकरण आहे, 'गुंडाप्पा' नावाचं, ही कुठली संकल्पना?"

"माणूस आहे, सर," नीरजा म्हणाली. "आणि सापडला तो माझ्या वडिलांमुळं." हे तिनं मुद्दाम ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं. दत्तोपंत तिथं वर्तमानपत्र वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

त्या दिवशी दुपारी ते टेबलाशी बसले आणि त्यांनी एक पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पाचव्यावर 'उपरोक्त' नव्हतं आणि 'कार्यवाही'ही नव्हती. पत्र झाल्यावर त्यांनी त्याला जावक क्रमांक दिला आणि सवयीनं दाराकडं बघून हाक मारायला तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की हे पत्र पोचवायला कुणी नाही. त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं टपाल स्वतः घेऊन निघाले.

गुंडाप्पाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर. पोचेपर्यंत दत्तोपंतांना धाप लागली. या चढावरून हा माणूस रोज दहाच्या ठोक्याला येत होता, हेही त्यांना आजच कळलं. गुंडाप्पा दारात शेंगा फोडत बसला होता. तो गडबडीनं उठला, तर दत्तोपंतांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पत्र हातात दिलं.

गुंडाप्पानं चष्मा लावून सावकाश वाचलं. 'श्री. गुंडाप्पा यांस, सा. न. चौतीस वर्षे माझी पत्रे परत आली नाहीत, ती आपल्यामुळे. हे मला आता समजले. माझी मुलगी माझ्याजवळ राहिली, तीही आपल्यामुळे. आपले उपकार मी नोंदवायचे विसरलो होतो. ते या पत्राने नोंदवीत आहे. आपला, दत्तोपंत.'

वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला आणि पत्र पुन्हा वरून खाली पाहिलं. मग संकोचून सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं.

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "तारीख राहिली."

दत्तोपंत त्याच्या शेजारी ओट्यावर बसले.

"टाका तुम्हीच," ते म्हणाले.